हात लावायचा नाही

५ जानेवारी, रविवार
नवीन वही. आजपासून सर्व नोंदी वेळेसह.

अकोल्याला अनुपमा मॅडमच्या पिअर्सिंग स्टुडिओत जाऊन आलो. दिवाळीत माझ्या सारिकाताईने इथे टोचून घेतलेल्या नाकावर पुटकुळी आली होती, तेव्हा मॅडमनी दिलेल्या सूचना मी तिथेच कागदावर लिहून घेतल्या होत्या. मॅडमनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या होत्या, मला असा माणूस पाहिजे. असे वाक्य मला आजवर कोणी म्हटलेले नाही. शाळेतही नाही.

आज अट सांगितली. त्यांच्याकडे बरेच लोक शरीराच्या खाजगी जागी टोचून घ्यायला येतात. घाबरलेले असतात. त्यांना सांभाळणाऱ्या असिस्टंटने स्वतः त्यातून गेलेले असले पाहिजे. नुसती कानाची पाळी टोचलेली धरणार नाहीत. मी पुरुषांसाठी जे सर्वांत सौम्य तेच निवडले, छातीवर, डाव्या बाजूचे स्तनाग्र. सहा महिने नीट सांभाळले, तर ऑगस्टपासून नोकरी.

सोबत गोविंदा आला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये तो गाठी उचलतो, मी गाठींवर नंबर टाकतो. त्याला सुट्टी होती म्हणून आला. मॅडम बोलत असताना त्याने तीन कचोऱ्या खाल्ल्या. निघताना म्हणाला, "मॅडम, मी बी करून घेऊ काय? मले बी नोकरी भेटन काय?" मॅडम म्हणाल्या, अट दोघांना सारखीच.

त्याची काळजी वाटली. त्याला गंभीरपणा नाही.

१२ जानेवारी, रविवार
सकाळी ५.४० ला बधिर करणारे क्रीम लावले. खबरदारी म्हणून गळ्यापासून बेंबीपर्यंत. नांदुरा स्टेशनवर छाती आहे की नाही ते कळत नव्हते.

मॅडमनी विचारले, हे कोणी सांगितले? मी म्हटले, स्वतःच्या विचाराने. त्यांनी सगळे पुसून मला दोन तास बसवले. क्रीमने कातडी फुगते, खूण चुकते. तेवढ्यात गोविंदाचे होऊन गेले. बाहेर येऊन म्हणाला, "अबे कायी नाई, मुंगी चावल्यावानी."

माझे १.१५ ला झाले. काही वाटले नाही. तोंडावर पाणी मारावे लागले, कारण खोलीत हवा कमी होती.

टायटॅनियमची सरळ दांडी, दोन टोकांना गोळ्या. मॅडमच्या सूचना: दिवसातून दोनदा मीठपाणी, टिपून कोरडे. हळद नाही, तेल नाही, अँटीसेप्टिक नाही. दांडी फिरवायची नाही. सैल सुती शर्ट. पालथे झोपायचे नाही. ताप आला किंवा लाली पसरली तर डॉक्टर. आणि सर्वांत आधी, हात लावायचा नाही. हे त्यांनी तीन वेळा सांगितले. तिन्ही वेळा माझ्याकडे पाहून.

१९ जानेवारी, रविवार
दोनदा हे प्रमाण साधारण माणसांसाठी असणार. जिनिंगमध्ये हवेत कापसाचे तंतू उडतात. मी चार वेळा करतो. हात लावत नाही. इअरबड वापरतो.

२ फेब्रुवारी, रविवार
सहा वेळा. आई म्हणाली, "पोट्ट्या, मीठ काऊन संपून राह्यलं एवढं? लोणचं तं अजून घातलंच नाई." मी म्हणालो, गुळण्या. आई म्हणाली, "गुळण्या का अंघोळ?"

गोविंदाला विचारले, किती वेळा करतोस? म्हणाला, "काय?"

२० फेब्रुवारी, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत हमालांना कळले. गोविंदाने शर्ट वर करून दाखवले. एकाने खाली करता येते का विचारले. सगळे हसले. मी हसलो नाही. मॅडम सांगतात तसे सांगितले. येते, पण अठरा वर्षांच्या पुढे. भरेपर्यंत बायकोजवळ जायचे नाही, कित्येक आठवडे. मित्र म्हणतात म्हणून करायचे नाही. नवऱ्याला पाहिजे म्हणून आलेल्या बाईला मॅडम परत पाठवतात आणि तिला स्वतःला काय पाहिजे ते ठरवून एकटी ये म्हणतात.

मग मी संसर्गाबद्दल बोललो. एकूण वीस मिनिटे. विचारणारा माणूस डबा अर्धा ठेवून उठला. योग्य सल्ल्याचा परिणाम असाच असतो.

९ मार्च, रविवार
मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आले, लाल आहे, किती वेळा धुतोस? मी लिहिले, नियमित. त्या म्हणाल्या, दोनदाच कर आणि विसरून जा.

ही परीक्षा असावी. विसरणारा माणूस त्यांना कशाला पाहिजे?

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. मिरवणुकीत मी कडेकडेने चाललो, डावा हात छातीपुढे. प्रेमानंद मामा पिंपळगाव राजाहून आले होते. "जय भीम, भाचेबुवा!" म्हणून त्यांनी कडकडून मिठी मारली. मी रस्त्यात बसलो. उन्हामुळे.

घरी नेऊन आईने शर्ट उघडला. वाकून पाहिले. मग म्हणाली, "टोचून घ्यायची एवढी हौस होती तं लहानपणीच सांगायचं होतं. कान टोचले असते तुहे." मामा म्हणाले, "हे कोणतं फॅशन होय बे? झाकलेल्या दागिन्याचा फायदा काय?" मी नोकरीचे समजावून सांगितले. बाबा एवढेच म्हणाले, "नोकरीसाठी छाती दाखवा लागते, हे मले मालूम होतं. अशी दाखवा लागते हे नोतं मालूम."

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलले नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार
बाबा अजून बोलत नाहीत. काही वाटले नाही.

११ मे, रविवार
जिनिंगचा सीझन संपला. मालक म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. बाबा आज बोलले. म्हणाले, नाथाच्या दुकानात पोती मोजायला माणूस लागतो, विचारू काय? मी म्हटले, ऑगस्टपासून माझे ठरलेले आहे. म्हणाले, "कोणी ठरवलं?"

दिवसभर घरी असतो. त्यामुळे काळजी घ्यायला भरपूर वेळ मिळतो. नऊ वेळा.

८ जून, रविवार
दांडी आधीपेक्षा जास्त दिसते. वरची कातडी पातळ झाली आहे. प्रगती असावी. टेपने मापले, दोन मिलिमीटरचा फरक. मॅडमना कळवले नाही. त्यांना एकदम सहा महिन्यांचे पूर्ण काम दाखवायचे.

ग्राहकांसाठी सूचनापत्रकही तयार केले आहे. सदतीस मुद्दे. चार वेळा तपासले.

२९ जून, रविवार
गोविंदा भेटला. आठवण करून दिली की तेराला अकोला आहे. म्हणाला, "कायले?"

तो नापास होणार याचे वाईट वाटते. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. ऑगस्टमध्ये मी लागलो की मॅडमशी त्याच्याबद्दल बोलेन. झाडलोटीला वगैरे.

१३ जुलै, रविवार
सकाळी ४.३० ला पुसले. ६.०० ला पुसले. गाडीत एकदा.

मॅडमनी भिंग लावून पाहिले. विचारले, दिवसातून किती वेळा? मी वही उघडून दिली. एकशे ब्याऐंशी दिवस, प्रत्येक वेळेची नोंद, मिठाचे प्रमाण, एकही दिवस खाडा नाही. त्यांनी पाने उलटली. पुष्कळ पाने उलटली. मग वही मिटून माझ्या गुडघ्यावर ठेवली.

म्हणाल्या, अश्वजित, शरीर ही दांडी बाहेर ढकलतंय. तू त्याला एक दिवसही स्वस्थ बसू दिलं नाहीस. काढावी लागेल.

मी म्हटले, मी एकदाही हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, कशाने पुसलं? मी म्हटले, इअरबडने. त्यांनी हातमोजे चढवले.

काढली. काही वाटले नाही.

मग गोविंदा. तो दाखवायला उजवी बाजू उघडून बसला. तिथे नव्हती. "अरे हो, इकडली होय," म्हणाला. स्वच्छ, कोरडे, पूर्ण भरलेले. मॅडमनी विचारले, तू काय करत होतास? म्हणाला, "कायी नाई जी. अंघोळीत पाणी जाते अन् वरून शर्ट घालतो. तुमीच तं म्हणे, हात नोको लावू."

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, लोक इथे आधीच घाबरून येतात. त्यांच्यासोबत बसून आणखी घाबरणारा माणूस मला चालणार नाही. तुझं अक्षर फार चांगलं आहे.

परतीच्या गाडीत गोविंदाने शेगावला कचोऱ्या घेतल्या, एक मला दिली. मग म्हणाला, "तुले घ्याले पायजे होतं बे. मले तं संसर्ग बी बरोबर म्हनता येत नाई."

३ ऑगस्ट, रविवार
गोविंदाला स्टेशनवर सोडायला गेलो. नवा शर्ट, एक पिशवी, बायकोने दिलेला डबा. म्हणाला, "तुहा तो सदतीसवाला कागद दे ना. कोणी कायी इचारलं तं मी काय सांगू?" दिला.

५.२५ ला त्याचा फोटो आला. मॅडमनी कागद वाचला, छान आहे म्हणाल्या, आणि भिंतीवर लावायला खालची एक ओळ कापून घेतली. माझ्याच अक्षरात आहे. हात लावायचा नाही.

बाबांना सांगितले, पोत्यांचे विचारा. बाबा म्हणाले, "कवाच इचारलं. उद्या आठले जाय."

भोक बुजले आहे. आता तिथे काही नाही. आज सात वेळा पुसले.