पहिल्या जीवाचा धडा

सोमवार, १२ जानेवारी १९३१, बेळगाव

सहावीचा भूगोल. पृथ्वीच्या जन्माला पुस्तकात दोनच ओळी! मिटून ठेवलं. म्हटलं, ऐका गं. तापलेला गोळा. दुधावर साय धरावी तसा त्यावर खडक धरला. मग युगानुयुगं पाऊस, समुद्र — आणि त्या पाण्यात पहिला जीव. डोळे नाहीत, हाडं नाहीत, नुसता बुळबुळीत ठिपका. त्यातूनच पुढं मासे, पाखरं, आपण सगळे. हिंडलग्याची मालू उठली. "बाई, तवा दुसरं कोणच न्हवतं?" कोणीच नाही. "मग लई एकटं वाटलं असंल त्याला."

घरी येईपर्यंत हसत होते.

गुरुवार, १५ जानेवारी

मालूनं हे गावात देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं! "मानूस देवानं न्हाय केला, पान्यातनं आला." लोक चिडले. आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष उपेंद्रराव — त्यांच्याकडे तक्रार. शनिवारी मला बोलावलंय. वहिनी म्हणाली, "नोकरी सांभाळा, वन्सं." तिचंही बरोबरच. विधवा नणंदेला किती दिवस पोसायचं?

शनिवार, १७ जानेवारी

लिहायला हात धजत नाही.

उपेंद्ररावांसमोर मालू उभी होती. शेजारी तिचा बाप भरमू, पटका हातात घेऊन. उपेंद्ररावांनी विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

मी म्हणाले, नाही. पोरीनं काहीतरी भलतंच ऐकलं.

मालू माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, मी विसरले. आठवण करून द्यायला हळूच म्हणाली, "बाई, दुधावरची साय म्हनला न्हवता तुमी?" मी खाली पाहिलं. भरमूनं तिच्या थोबाडीत मारली. "बाईंवर आळ घेतीस व्हय गं?" आणि वाकून माझे पाय धरले! "पोरीचं चुकलं, बाई."

मी पाय मागं घेतले नाहीत.

मालूला शाळेतून काढलं.

सोमवार, १९ जानेवारी

शिकवलं. काय ते आठवत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

वहिनीनं आज मुद्दाम माझ्या आवडीचं केलं होतं. "सुटलात हो एकदाच्या!" मी पान तसंच बाजूला सारलं.

रविवार, २५ जानेवारी

हिंडलग्याला गेले. मालू गोठ्यात शेण भरत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, "मालू, मी शिकवलं ते खरं होतं. खोटं मी बोलले." तिनं हात पुसले. रागावलीसुद्धा नाही.

"आता मला न्हाय खरं वाटत, बाई."

का गं?

"खरं असतं तर तुमी भ्याला नसता."

परतताना वाटभर पदर तोंडाशी. भित्री मी — आणि त्या पोरीच्या लेखी खोटी ठरली ती अख्खी पृथ्वी, तो समुद्र, तो पहिला जीव! लाज म्हणतात ती हीच का? नुसती जाळते, मारत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

भरमूला निरोप धाडून मंडळापुढं बोलावलं. त्याच्यादेखत सांगितलं — पोर खरं बोलली. शिकवलं मीच. पुन्हा वर्गात उभी राहिले तर हेच शिकवीन.

उद्यापासून मालू शाळेत. मी नाही.