ताईनं आणलेले डबे

गारखेडा,
दि. १२ जून २०२५

ती. अमृताताईस,
धाकट्या शालूचा शि. सा. न. वि. वि.

सोमवारपासून तुझे फोन येतायत, मी उचलत नाही. फोनवर तू रडशील आणि माझं बोलायचं राहून जाईल, म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात मुक्ताचे वरचे चार दात काढले. चार वर्षांच्या पोरीला भूल द्यावी लागली. डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की दुधातून पौष्टिक पावडर देते, झोपतानाही बाटलीतून. माझी बहीण ती पावडर बनवणाऱ्या कंपनीतच आहे, दर महिन्याला डबा आणून देते. त्यांनी डब्यामागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. तिसरा हिस्सा साखर. मी कधी वाचलंच नव्हतं. तुझा शब्द असताना कशाला वाचू?

हेच सांगायला रविवारी तुझ्याकडे आले. तू बाजारात गेली होतीस. तुझ्या सासूबाई तुझ्या अभयला नाचणीची लापशी भरवत होत्या. पावडर देत नाही का, असं विचारलं, तर सहज म्हणाल्या, की ती आपल्या घरात दिवाळीपासून येत नाय, लई साखर असती म्हणून अमृतानंच बंद केली.

दिवाळीपासून, ताई. त्यानंतर माझ्या घरी सात डबे आले. मी पाणीही न पिता निघाले.

शालू


चिकलठाणा,
दि. १६ जून

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद.

सासूबाई बोलल्या ते खरं आहे. दिवाळीच्या आधी मला पॅकिंगमधून माल मिसळतात त्या खात्यात टाकलं. तिथं साखरेची पोती रिकामी होताना पाहिली आणि त्याच दिवशी अभयची पावडर बंद केली.

तुला सांगायला दोनदा निघाले होते. पण त्याआधी दीड वर्ष मीच आग्रह करून द्यायला लावली होती, ते कबूल करावं लागलं असतं. शिवाय मुक्ता डबा बघून गळ्यात पडायची. ते मला सोडवलं नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. पोरीला किती दुखलं गं?

तुझी ताई


गारखेडा,
दि. २१ जून

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. ह्यांना दाखवलं नाही. खरं लिहिलंस, पण आपल्या पोराला जपून माझ्या पोरीसाठी पिशवी भरत राहिलीस, हे मला गिळता येत नाही. तू परकी असतीस तर भांडून मोकळी झाले असते.

मुक्ता माझ्या हातचं साधं दूध थुंकते. तिला वाटतं, आईनं डबा लपवलाय, मावशी आली की मिळेल. पुढच्या रविवारी रिकाम्या हातानं ये. डबा आता येणार नाही, हे माझ्यासमोर तिला तू सांग. ती रडली तर तूच उचलून घे.

लोभ आहेच, तो कुठं जाणार. भरवशाचं आज काही लिहवत नाही.

शालू