राजाच्या ओळीची जागा

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, प्रार्थनाघराच्या पायऱ्या एखाद्या दिवशी चुकवल्या तर देव हजेरी मांडत नाही.

सोबत नवं प्रार्थनापुस्तक पाठवतो आहे. राजाला गादीवरून उतरवल्यापासून समितीने आमच्या छापखान्याला उसंत दिलेली नाही. आधी फर्मानं, मग शाळेची पुस्तकं, आता हे. याचे खिळे मीच जुळवले. सकाळच्या प्रार्थनेतली ‘आमच्या राजाला शहाणं कर आणि सांभाळ’ ही ओळ काढली आहे. दादा, ही थट्टा नाही. माझ्या गल्लीतल्या प्रार्थनाघरात वाचकाने सवयीने ती म्हटली. त्याला घेऊन गेले, आता त्याच्या दाराला कुलूप आहे. तूही गावचा वाचक, जन्मभर ती म्हणत आलास, तुझी जीभ तुझं ऐकायची नाही. म्हणून पुस्तकात बघून वाच. चष्मा लाव, ऐट करू नकोस.

माझं ठीक आहे. बोटांची शाई निघत नाही म्हणून लग्न जमत नाही, असं वहिनीला सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खिळ्या

ता. १५ फेब्रुवारी

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. वहिनी म्हणते, छपाई सुबक आहे, अक्षर मात्र मुंगीएवढं. मी चष्मा लावूनच वाचलं, तेव्हा चिडवू नकोस.

सकाळच्या प्रार्थनेच्या पानावर आलो आणि बघत राहिलो. तू शब्द काढलेस, पण ओळीची जागा तशीच कोरी ठेवलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटत होतं, शहरात राहून तूही त्यांच्यातलाच झालास. गेल्या वर्षी आलास तेव्हा जेवताना राजाला नावं ठेवलीस, मी पानावरून उठलो, ते मनात सलत होतं.

राजा काही फार भला माणूस नव्हता. आमच्या पुलाचा शब्द त्याच्या बापाने दिला होता, त्यानेही पाळला नाही. पण मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही, त्याच्यासाठी मागितलं. तो गादीवर असताना हात जोडायचे आणि कोठडीत गेला की सोडायचे, तर आधी जोडले होते ते कशाला?

आज त्या जागेशी आलो आणि ओळीपुरता थांबलो. सगळी मंडळीही थांबली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त पाववाला खोकला, तो नेहमीच खोकतो.

तुझं भलं होवो. लिहीत जा.

दादा

ता. २१ फेब्रुवारी

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. अरे, ती जागा म्हणजे काही नाही. एक ओळ काढली की खालच्या सगळ्या ओळी वर घ्याव्या लागतात, पुढची पानं सरकतात, ती सगळी पुन्हा लावावी लागतात. व्यवस्थापकांना जुळवलेली पानं त्याच दिवशी यंत्रावर हवी होती. मी ओळ उचलली, तिथे कोरी पट्टी बसवली आणि मोकळा झालो. लहानपणी अंथरुणांच्या घड्या न घालता वरून चादर ओढायचो आणि तू आईला सांगायचास, तोच कामचुकारपणा. राजाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे, ते बदललेलं नाही.

उद्यापासून न थांबता वाच. माझी शपथ आहे. वहिनीला शेजारी बसव आणि थांबलास की चिमटा काढायला सांग.

रागावलास तरी चालेल, पण हे एवढं ऐक.

खिळ्या

ता. २ मार्च

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र समजलं. हल्ली पत्रं फोडून वाचतात, तेव्हा तुला असंच लिहावं लागणार. अंथरुणांचा दाखला झकास. वाचणाऱ्यालाही पटला असेल. मी एवढा भोळा नाही रे.

आता नदीपलीकडच्या प्रार्थनाघरातही थांबतात म्हणे. न्हावी म्हणतो, दिवसभरात बायको गप्प असते तो तेवढाच वेळ. परवा समितीचा माणूस टोपी न काढता मागच्या बाकावर बसला. नंतर त्याने विचारलं, मध्ये सगळे काय म्हणता. मी म्हटलं, काहीच म्हणत नाही. ते त्याने लिहून घेतलं.

काळजी करू नकोस. तू तिथे त्यांच्या नाकावर टिच्चून एवढं केलंस, मला नुसतं उभं राहायचं आहे.

दादा

ता. ११ मार्च

प्रिय भाऊजींस सप्रेम नमस्कार वि. वि.

ह्यांना काल सकाळी प्रार्थनाघरातूनच नेलं. पायांत चपलाही घालू दिल्या नाहीत. मी चपला घेऊन चौकीपर्यंत गेले, त्या घेतल्या नाहीत, घरी आहेत.

अधिकारी वयाने लहान होता, पण बोलणं नीट होतं. इथे थांबायला कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं. पुस्तक ह्यांच्या हातात होतं. ते पान उघडून दाखवलं असतं, की बघा, तुमच्याच छापखान्याने सोडलेली जागा आहे, तर कदाचित सुटले असते. ह्यांनी पुस्तक मिटून माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, थांबायचं माझ्याच मनाने ठरवलं. तसं लिहून सहीही दिली. निघताना माझ्या कानात म्हणाले, पुस्तक चुलीत घाल, खिळ्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याला उघडा पाडायचा नाही. मी घातलं.

भाऊजी, टपाल फोडतात म्हणून हे पाववाल्याच्या हाती देते आहे, उत्तरही त्याच्याकडेच द्या. तुमचं ते अंथरुणांचं पत्र मी पुन्हा वाचलं. मला ते खरं वाटतं. एकदाच सांगा, जागा मुद्दाम ठेवली होती का? सोमवारी त्यांना दूरच्या खाणीवर नेणार आहेत, त्याआधी मला एकदा भेटू देतील. काय सांगू त्यांना?

तुमची वहिनी

ता. १४ मार्च

ती. सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार वि. वि.

नाही. मुद्दाम ठेवली नव्हती. मला लवकर घरी जायचं होतं.

पत्र मिळाल्याबरोबर व्यवस्थापकांकडे गेलो. म्हटलं, जागा माझ्यामुळे राहिली, समितीला तसं कळवतो. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, त्याची सही झाली आहे, आता तू बोललास तर तो सुटणार नाही, फक्त तूही आत जाशील. समितीचं ऑफिस समोरच्या इमारतीत आहे. मी जिना उतरलो, रस्ता ओलांडला, दारापर्यंत गेलो आणि परत आलो. याहून जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

काल ते पान दुरुस्त करायला माझ्याकडेच दिलं. कोरी पट्टी काढली, ओळी वर घेतल्या, पुढची पानं सरकवली. नीट केलं तर दोन दिवसांचंही काम नव्हतं. ती मोकळी जागा आता पार शेवटच्या पानाच्या तळाशी गेली आहे. तिथे प्रार्थना संपलेली असते, कुणी थांबत नाही.

चपला बरोबर घेऊन जा, पुन्हा विचारून बघा. आणि दादाला सांगा, खिळ्याने जागा मुद्दामच ठेवली होती. पत्रात लिहिलं ते टपाल फोडणाऱ्यांसाठी, असं सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. पण त्याचा माझ्यावर आधीच विश्वास बसला आहे, तुम्हाला फक्त मान हलवायची आहे.

माझ्यावर लोभ ठेवा, असं या वेळी लिहीत नाही.

खिळ्या