खुला माल पुण्याला

आदरणीय व्याही हिलालआबा यांना सावद्याहून तोतारामचा मनापासून रामराम. आपला गुडघा वळता झाला असेल, विहीणबाई कमलबाईंचा बीपी ताळ्यावर असेल. आपली ज्योत्स्ना, म्हणजे आमची सून (आता आमची जास्त), हिला कंपनीने कायमचं पुण्याला बोलावलंय. रविवारी ती आपला सल्ला घ्यायला देवपूरला येते आहे. पण पत्राचा विषय तो नाही, पत्र निव्वळ कौतुकाचं आहे.

उन्हाळ्यात आमच्या मळ्यात मोबाइलची रेंज पार मेली होती. ज्योत्स्ना घरी बसून, कुलूपबंद वाटेने, पुण्याच्या सर्व्हरमध्ये शिरते आणि त्याची दुरुस्ती करते (कशी, ते मला विचारू नका). पण तिकडचा मजकूर तिच्या पडद्यावर एकेक ओळ रांगत यायचा. मी तिला लॅपटॉपसकट पाण्याच्या टाकीवर चढवलं आणि छत्री धरून उभा राहिलो. रेंज आली नाही, गाव मात्र बघायला आलं. शेवटी तिनेच खाली उतरून एक सेटिंग चालू केलं, कॉम्प्रेशन. मजकूर तिकडून दाबून निघायचा, इकडे येऊन उलगडायचा. काम सपाट्याने सुरू झालं. आबा, माझा जन्म केळीच्या पॅकिंगमध्ये गेला, पण अक्षरांचं पॅकिंग करणारी सून मिळायला नशीब लागतं.

पुढे घरी फायबर आलं आणि पहिल्याच दिवशी तिने ते सेटिंग बंद केलं. मी हादरलो. सावद्यातून पॅकिंगशिवाय माल निघाला की तो वाटेतच काळा पडतो, आणि इथे तर कुलूपही गेलं असणार. मी सरळ तिच्या साहेबांना फोन लावला, की आजपासून माल खुला येतोय, हमालांना सांगून हळू उतरवून घ्या. (साहेबांनी लगेच ज्योत्स्नाला फोन लावला.) ज्योत्स्ना रागावली नाही. मला जवळ बसवून म्हणाली, "नाना, कुलूप वेगळं शे, ते लागेलच शे. आते रस्ता मोकळा शे, मंग दाबी-दाबी भरानं काय काम?" दोन वाक्यांत समजावणारं आमच्या घरात दुसरं कोणी नाही. (तिचा नवरा, आमचा हितेंद्र, तासभर बोलतो आणि शेवटी विषय काय होता ते आपल्यालाच विचारतो.)

आपला,
तोताराम

ता. क. रविवारी सल्ला देताना पुण्याची गर्दी आणि घरभाडं जरा सविस्तर सांगावं. ती गेली तर घर खायला उठेल. तिला थांबवा, आबा. मी सांगणार नाही, कारण माझ्या शब्दाखातर ती थांबेल आणि मग मलाच झोप लागणार नाही.

पुन्हा ता. क. आमच्या सौ. कुंदाबाईंनी पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं, पोरीला अजिबात अडवायचं नाही. हितेंद्र मळ्यातच राहणार, मग ती एकटी कशी राहील म्हणून त्याही पुण्याला निघाल्या आहेत, बॅग भरून झाली. तेव्हा ज्योत्स्नाला आपण खुशाल जाऊ द्या. विहीणबाईंना सांगून कुंदाबाईंना तेवढं थांबवा. मला वरणाला फोडणीसुद्धा देता येत नाही.