ओळीतली दुसरी जागा

३ एप्रिल १९८३, रविवार. सकाळी.
आजपासून नियमित रोजनिशी. एसटीच्या नांदेड डेपोत कंट्रोलर म्हणून उभी हयात गेली, रोज दुसऱ्यांच्या गाड्यांच्या नोंदी केल्या. आता स्वतःची.

रिटायर होऊन गावी कायमचा आलो. होडी घेतली. जुनी आहे, पण बूड शाबूत. ध्येय एकच, ओळीत वडिलांची जागा. कातळापासून दुसरी. पहिली होडी चुलतभाऊ ग्यानोबाची, दुसरी आमच्या आबांची, हे अख्ख्या भोई आळीला माहीत आहे. पंधरा दिवसांत काम फत्ते.

परिस्थिती अशी. पाऊस नाही, तलाव आटून बांधाच्या भिंतीजवळचा डोह तेवढा उरला. भोवती गाळ, माणूस मांडीपर्यंत रुततो. काठाला लागायचं तर एकच कातळ, आणि तिथे एकच होडी मावते. म्हणून पहिली होडी कातळाला बांधायची, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. बाहेरच्यांनी आतल्यांच्या होड्यांवरून चालत काठावर यायचं. आमच्या स्टँडवर काय वेगळं होतं? मला यात शिकण्यासारखं काही नाही.

दुपारी.
ग्यानोबाकडे जागेचं काढलं. म्हणाला, जागा आबाची व्हती. आबा गेला तवा तू नांदेडात शिट्ट्या फुकत व्हतास. आता टोकाला बांध, मंग बघू.

टोकाला म्हणजे सगळ्यांच्या बाहेर. ताहेरच्याही पलीकडे. ताहेर म्हणजे आबांच्या शेजारी होडी बांधणाऱ्या हुसेनबीचा पोरगा, मी नोकरीला लागलो तेव्हा रांगत होता. तिला आम्ही खाला, म्हणजे मावशी म्हणतो. वाईट वाटलं. दाखवलं नाही.

६ एप्रिल.
लंगर आला. नांदेडच्या लोहाराकडून खास करून घेतलेला, लोखंडी, चार नखांचा. इथले लोक अजून दोराला फुटक्या जात्याची तळी बांधून पाण्यात सोडतात. हसू आलं.

दुपारी डोहात सगळ्यांच्या शेजारी होडी उभी करून टाकला. पकड जबरदस्त.

संध्याकाळी.
पकड ताहेरच्या जाळ्याची निघाली. शिवाय ग्यानोबाच्या दोराची. मी ओढायला लागलो तशा दोन्ही होड्या माझ्या अंगावर यायला लागल्या. ताहेर ओरडला, कंट्रोलर साब, दुसऱ्याचा दोर कुठं पडलाय ते अगोदर इचारायचं, मंग आपला टाकायचा, ये क्या तमाशा है? दोर कुठे आहे हे कळवायची जबाबदारी खरं तर त्यांची. तरी मोठेपणाने चूक निम्मी निम्मी धरली. जाळं बरंच फाटलं. हुसेनबी सांधत बसली आहे.

संकल्प: यापुढे विचारूनच लंगर टाकणे.

११ एप्रिल.
दुसऱ्याच्या होडीवर पाय टाकण्याआधी चपला हातात घ्यायच्या, पाय ठेवू का म्हणायचं, आणि समोरून हाव, म्हणजे हो, आल्यावरच जायचं, असा इथला रिवाज. वेळेचा निव्वळ अपव्यय. मी शिट्टी वाजवली. शिट्टी लांबवर ऐकू जाते. बूटही काढले नाहीत, ते डेपोचे आहेत, घसरत नाहीत.

घसरले नाहीत, पण ताहेरच्या होडीत पिठल्याचं पातेलं होतं. ते मध्ये ठेवायचं कारण काय? हुसेनबी म्हणाली, सटव्या, तुझा बाप माझ्या होडीत पाय ठेवायच्या अगुदर चपला काखंत मारायचा, न तू पिठल्यात बूट घालून राहिलास. या वयातही मला लहानपणीच्या नावाने सटव्या म्हणते. दुसरं कोणी म्हणणारं उरलं नाही.

गंगासागरने, म्हणजे आमच्या मंडळींनी, बूट धुवायला साफ नकार दिला.

१५ एप्रिल.
वाऱ्याने रात्रभर होड्या एकमेकींवर आपटतात. फळ्या खिळखिळ्या होतात. उपाय काढला. उदगीर स्टँडवर ओळख आहे, तिथून भंगारातला टायर आणून होडीच्या अंगाला लटकवला. आपटणं बंद.

१७ एप्रिल.
सगळ्यांनी टायर लटकवले. कुणी आभार मानले नाहीत. ग्यानोबा म्हणाला, आबा कडब्याची पेंढी बांधायचा, त्योच प्रकार. बरं आहे. श्रेयासाठी मी करतच नाही. पण एकाने तरी म्हणायला हवं होतं.

२० एप्रिल.
तोंडी बोलून भागणार नाही. सरकारी आदेश पाहिजे. लातूर जिल्हा नवा झाला. नवा जिल्हा, नवे साहेब, नवा विचार. जुन्या जिल्ह्याला आमच्या तलावाचं काय पडलं होतं? जागा वारसाहक्काने मिळावी असा अर्ज तयार. जिल्हा झाल्याचे फायदे मी पारावर सगळ्यांना समजावून सांगितले. उद्या पहिली गाडी.

२१ एप्रिल. रात्री.
उस्मानाबादला गेलो होतो.

इतक्या वर्षांची सवय. जिल्ह्याचं काम म्हटलं की पाय आपोआप उस्मानाबादच्या गाडीकडे वळतात. गाडी लातूरवरूनच गेली. लातूरला उतरून चहासुद्धा प्यायलो. पुन्हा गाडीत बसलो.

तिथला कारकून सज्जन होता. अर्ज वाचून म्हणाला, काका, तुमचं गाव लातुरात गेलं की. मी म्हणालो, माहीत आहे, तेच कळवायला आलो. त्याने आभार मानले. एवढ्या दिवसांत कुणीतरी मानले.

घरी सांगितलं की विषय जिल्हा पातळीवर गेला आहे. गंगासागर म्हणाली, कोणत्या?

२ मे.
ऊन असह्य. गावात टँकर येतो, आला तर. डोह रोज आत सरकतो आहे. लातूरची चक्कर पुढे ढकलली, प्रकृती महत्त्वाची. मासळी लहान झाली. मी दिवसभर टोकाला बसून ओळीकडे बघतो. सगळ्यांच्या गप्पा चालतात, माझ्यापर्यंत शेवटचे शब्द येतात फक्त.

थकवा आला आहे. नोकरीत असा कधी यायचा नाही. तिथे निदान लोक येऊन विचारायचे, साहेब, गाडी कधी लागणार.

८ मे, रविवार.
मिळाली!

ग्यानोबा सकाळी आपण होऊन आला. म्हणाला, आण तुजी होडी मधी. अर्जाचा धसका घेतलेला दिसतो. गंगासागर काल त्यांच्याकडे पापड लाटायला गेली होती, त्याचा यात काही संबंध नाही.

एकच गोष्ट बजावली. मधी बांधतोस, तर निघताना अगुदर माजी न ताहेरची होडी एकमेकीला बांधायची, मंगच आपली सोडायची. ओळीत लंगर कुणी टाकत नाही, दोर गुंततात. सगळी मदार कातळावर, आणि कातळापर्यंतची वाट मधल्याच्या हातात. मी हो हो म्हणालो. पंचवीस गाड्या एका वेळी सांभाळलेला माणूस मी.

मग होडी मधे आणून बांधली आणि तिच्यात बसलो. डावीकडे ग्यानोबा, उजवीकडे ताहेर. हुसेनबीने चहा दिला. आबा याच जागेवर बसून बिडी ओढायचे. त्यांची खूप आठवण आली.

१२ मे. दुपारी.
उत्तम दिवस. पहाटे ठरल्या वेळेला होडी काढली. गाडी एकदा सुटली की मागे बघायचं नसतं. दोन मरळ मिळाल्या, चांगल्या हाताएवढ्या. डोहाच्या त्या अंगाला गार वाटत होतं, एक झोपही झाली.

संध्याकाळी.
ओळीत परत आलो तर ताहेरची होडी नाही.

ताहेर पहाटेच देवणीच्या बाजाराला गेलेला. ग्यानोबा घरी. बाकीचे पाण्यावर. हुसेनबी एकटी होडीत, माझ्या लंगराने फाटलेलं जाळं अजून सांधत होती. माझी होडी निघाली, तिची सुटली. वारा होताच. होडी पलीकडच्या गाळात जाऊन रुतली. तिथे ना होडी जाते, ना माणूस चालू शकतो. म्हातारी सकाळपासून उन्हात. ओरडली असेल, पण वारा उलटा होता. ताहेर बाजारातून आला तेव्हा उजेडात आलं. लोकांनी घरांची दारं काढून आणली, गाळावर एकापुढे एक टाकली, आणि ताहेर पोटावर सरपटत तिच्यापर्यंत गेला.

मुद्दे. एक, ताहेरने आपला दोर माझ्या होडीला बांधला होता, ग्यानोबाच्या नव्हे. दोन, वारा. तीन, एकट्या बाईने होडीत बसावंच का? नियमाने बघितलं तर ज्याची गाडी त्याची जबाबदारी.

गंगासागरला मुद्दे सांगितले. ती ताकाचा तांब्या घेऊन हुसेनबीकडे गेली.

१३ मे.
हुसेनबीला ऊन लागलं. तापाने फणफणली आहे. तळपायाला कांदा चोळताहेत. मी गेलो नाही.

१४ मे.
वरचे मुद्दे पुन्हा वाचले. चौथा सुचत होता.

गाठ मी बांधली नाही. एवढंच आहे.

१८ मे.
ताप उतरला म्हणे. पेज खाल्ली. मी दारापर्यंत जाऊन आलो. आतून तिचा आवाज आला, ताहेरला कशावरून तरी शिव्या देत होती. इतकं बरं वाटलं की तसाच परत फिरलो.

माझा दोर सोडून होडीत नीट गुंडाळून ठेवलेला होता. ग्यानोबाचं काम. भांडण नाही, शब्द नाही. भांडला असता तर उत्तरं तयार होती. होडी घेऊन लांबच्या बाभळीच्या खुंटाला बांधली. तिथे हवा बरी आहे. एकांतही मिळतो.

२७ मे.
पाणी रोज उतरतं, म्हणून दोर रोज सैल करावा लागतो. हे मला माहीत होतं. काल कंटाळा आला. सकाळी जाऊन बघतो तर होडी खुंटाला एका अंगाने टांगलेली, आतलं सगळं सामान गाळात. लंगरसुद्धा. ओळीतले सगळे बघत होते. मी म्हणालो, आतलं पाणी निथळायला मुद्दाम तशी ठेवली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ताहेरने आपली होडी जवळ आणली, दोर सैल करून दिला आणि गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

१० जून.
डोह संपला. होड्या जिथे होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. ताहेर रोजगार हमीवर खडी फोडायला जातो. गाळ वाळून भेगा पडल्या, आता कुठूनही कुठेही चालत जाता येतं. शिट्टी कुठे ठेवली ते आठवत नाही.

ग्यानोबाच्या आणि ताहेरच्या होडीच्या मधे एका होडीची जागा तशीच मोकळी आहे. रोज संध्याकाळी जाऊन बघतो.

१९ जून, रविवार.
एक काम केलं.

गुरुबसप्पा किराणावाल्याकडे देवणी बैलांची जोडी आहे, सबंध गावात तसे बैल नाहीत. होडी ओढायला मागितले. तो लिंगायत, मासळीचं नाव काढलं तरी आंघोळ करणारा. म्हणाला, देतो, पण होडी अगुदर धुवून घे. मी म्हणालो, पाणी कुठाय? त्यालाही पटलं. राखेने घासून दिली. बैलांना होडी ओढायची सवय नव्हती, ते सारखे मागे वळून बघत होते. मीही.

मधल्या जागेत होडी लावली. आधी ग्यानोबाची आणि ताहेरची होडी एकमेकीला बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली. मग माझी बांधली. कोरड्या जमिनीवर तीन होड्या बांधणारा माणूस बघून रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. थांबू देत. टायर दोन्ही बाजूंनी नीट लटकवले.

ग्यानोबा कातळावर बसून बघत होता. गाठीवरून हात फिरवला आणि उठून गेला. रागात गेला की कसा, कळलं नाही.

उन्हं उतरल्यावर हुसेनबी आली, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. काठी टेकत आली, वाळली आहे. तिला वळसा घालून सहज जाता आलं असतं, चहूकडे जमीनच जमीन. पण ती ताहेरच्या होडीत चढली. माझ्या होडीशी येऊन थांबली. चपला काढून हातात घेतल्या. म्हणाली, पाय ठेवू का रे सटव्या?

माझ्या होडीवर मला हे कुणी आजवर विचारलं नव्हतं. मी फळीवरची राख पुसत बसलो. ती तशीच उभी, डोक्यावर ओझं घेऊन. शेवटी म्हणालो, ठेवा, खाला. तिचा हात धरला. पलीकडे ग्यानोबाच्या होडीवरून तिला उतरवून दिलं. माफीचं वाक्य सकाळपासून तयार होतं, ते राहून गेलं.

चार पावलं गेली आणि वळली. म्हणाली, हे बग, जिमिनीवर हाय तवर ऱ्हा मधी. पानी आलं की मात्र टोकाला बांधायचं. ग्यानोबानं सांगायला लावलंय.

मी हाव म्हणालो. मुद्दा काढला नाही.