जीप कुठून गळत होती

मिस्त्री, तुमच्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. तोंडावर कधी बोललो नाही, पण तुम्हाला कळत असणारच. माझा स्वभावच तसा. दूधवाला वळला की दुधात बोट बुडवून बघणारा माणूस मी. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी चपलांकडे तोंड करून नमस्कार करता.

आरोग्य खात्याची जीप माझ्या हातात आली तेव्हाच म्हातारी होती. लढाईतून उरलेली, चारी चाकांना जोर लावणारी. तलासरीकडच्या ज्या चिखलात बैलगाडी रुतायची, तिथून ती नर्सबाईंना आणि औषधाच्या पेट्यांना घेऊन निघायची. पण गळायची. उभी केली तिथे डाग. साहेबांनी सांगितलं, डहाणूत स्टेशनच्या रस्त्यावर मिस्त्रींची शेड आहे, तिथेच न्यायची. मी पंचविशीतला, ड्रायव्हरची नोकरी नवी, लग्न नवं, आणि जीपला काही झालं की जाब मला.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी पळसाची पानं आणायला सांगितलीत. मला हसू आलं, म्हटलं जेवणावळ आहे की काय! तुम्ही मात्र शांतपणे जीपखाली शिरलात, इंजिनाखाली एक पान, गिअरबॉक्सखाली एक, दोन्ही एक्सलखाली, चारी चाकांच्या आतल्या अंगाला, आणि उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा. "कागद तेल पिऊन टाकतो, दीकरा. पान थेंब जसाच्या तसा ठेवतं." सकाळी एकेक पान उचलून मला हुंगायला लावलंत. काळं, पातळ ते इंजिनाचं. जाड, नाकात जाणारं ते गिअरचं. गंजाचं पाणी रेडिएटरचं. "आणि चाकाजवळच्या पानावर काय पण दिसलं तर जीप हलवायची नाय. ते ब्रेकचं." मग म्हणालात, थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही, तेल चालत्या गाडीत मागे सरकतं, आधी सगळं घासलेटने पुसून कोरडं कर, चार मैल फिरव, आणि पहिलं ओलं कुठे होतं ते बघ. मी मान हलवली. मनात म्हटलं, माणूस बोलतो छान, पण एवढं बोलणारा काय लपवतो ते बघायला हवं.

आणि झालंही तसंच. मधल्या गिअरपेटीचं सील तुम्ही बदललंत, आठ दिवसांत पुन्हा तेच पान ओलं. परत बदललंत, परत ओलं. आता माझी खात्रीच पटली, की जीप पुन्हा शेडमध्ये यावी म्हणून हा माणूस काहीतरी सैल ठेवतो. मी घरून चुना नेला आणि प्रत्येक नटावर आडवी रेघ ओढून ठेवली, तुम्ही फिरवलात की रेघ मोडणार. तुम्ही खालून बघितलंत आणि ओरडलात, "ही रेघ कोणी मारली?" मी चुन्याची डबी खिशात लपवली. "लई भारी डोकं! नट सैल झाला तर लगेच समजेल." त्या दिवसापासून तुम्ही शेडमधल्या प्रत्येक गाडीला चुन्याच्या रेघा मारायला लागलात. लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, हा नाटक करतोय.

तिसऱ्या खेपेला तुम्ही पेटीच्या वरचं हवेचं बारीक भोक तारेने मोकळं केलंत. तलासरीच्या चिखलाने ते बुजलं होतं, आत हवा कोंडायची आणि सीलमधून तेल बाहेर ढकलायची. गळती थांबली. दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. मी म्हटलं, हे पहिल्याच दिवशी का नाही दिसलं?

म्हणून मग ते तेल. ब्रेकच्या तेलाची तुमच्याकडची बाटली मला फिकट दिसली. नक्की काहीतरी मिसळलंय, असं डोक्यात बसलं. ब्रेकच्या टाकीत थोडी जागा होती, ती मी माझ्या हाताने भरली, बायकोच्या शिवणयंत्राच्या तेलाने. स्वच्छ, पारदर्शक, डोळ्यांसमोर बंद डब्यातून काढलेलं. यापेक्षा शुद्ध काय असणार?

बारा-तेरा दिवसांनी रानशेतच्या उतारावर पाय दाबला तर पेडल सरळ तळाला. नर्सबाई शेजारी. मी खालचा गिअर कोंबला, हँडब्रेक ओढला आणि जीप बांधावर घातली. बाईंचं कोपर सोललं, औषधाच्या बाटल्या फुटल्या. आदल्या रात्री जीपखाली पानं मांडायचं मी विसरलो नव्हतो, मिस्त्री. मी ते मुद्दाम सोडून दिलं होतं. तुमची रीत आता कशाला पाळायची, म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः शेडमध्ये आले. तुम्ही चाक उघडलंत. आतली रबरं भिजवलेल्या वालासारखी फुगून फाटली होती. तुम्ही एक नाकाशी धरलंत, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "घरी बाई शिवण करतात ना?" मी हो म्हटलं. तुम्ही हात पुसलेत आणि साहेबांना म्हणालात, "रबर खराब निघालं, साहेब. मीच बसवलेलं. माझी चूक." खात्याचं काम त्याच दिवशी तुमच्याकडून गेलं. लोक बोलायला लागले, मिस्त्रीच्या हातचा ब्रेक नको. वर्षभरात शेडला कुलूप लागलं, आणि तुम्ही झाईला मुलीकडे राहायला गेलात.

त्यानंतर किती दिवस मी वाट बघत होतो, की तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागाल. एवढं उगाच कोण करतं? बाजारात दिसलात की मी रस्ता बदलायचो. एकदा बोर्डीच्या स्टँडवर तुम्ही मला गाठलंतच. मनात म्हटलं, आता आलं. तुम्ही विचारलंत, "पानं ठेवतो ना रे?" बस्स, एवढंच. महिनाभराने कळलं, तुम्ही गेलात.

झाईचा पत्ता आहे माझ्याकडे, तुमची मुलगी अजून तिथेच असते. तिला हे पाठवावं असं रोज वाटतं आणि नाही पाठवणार, हेही मला माहीत आहे. नोकरीच्या भीतीने मी तेव्हा गप्प बसलो, असं मी बायकोला सांगितलंय. भीती होतीच. पण तुम्ही "माझी चूक" म्हणालात ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं जे आलं ते मी तिलाही सांगितलेलं नाही. मनात आलं, बघा, मी म्हणत नव्हतो! तेल ओतणारा मीच, आणि तरी क्षणभर मला खरंच वाटलं की चूक तुमचीच आहे. आणि फार बरं वाटलं हो, मिस्त्री.