होडी दबली की निघायचं

३ मे
तळ्याकाठचा गाडीतळ

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण तुमच्या शिवणयंत्राच्या खडखडाटात तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं घालता. पत्रात निदान माझंच म्हणणं पोचेल. तुमच्या भावाची गाऱ्हाणी तुमच्यापाशी नाही सांगायची तर कुणापाशी?

घरगाडी उत्तम आहे. दोघांपुरता पलंग, छोटा ओटा, न्हाणी, आणि खिडक्यांना तुम्ही शिवलेले पडदे. जो येतो तो आधी पडद्यांची चौकशी करतो. बिघाड आहे तो चालकात. इतकी वर्षं आमची होडी चालवणारे कप्तान अजून पाण्यावरून उतरलेलेच नाहीत. इथे नळ आमच्या दारापासून चार पावलांवर आहे, तरी सकाळी मला तोंड धुवायला मोजून एक तांब्या मिळतो. टाकीतलं पाणी पुढच्या बंदरापर्यंत पुरवायचं असतं म्हणे. मी विचारलं, कुठलं बंदर? तर ऐकलंच नाही असं दाखवून टाकीची काच पुसत बसले.

गाडी लावताना वारा बघतात आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडे करतात. तळ्याकाठी येऊन माझ्या खिडकीतून मला दिसतं काय, तर कचऱ्याच्या पेट्या! त्यानंतर पुढून-मागून दोर काढून गाडी झाडांना बांधतात. नुसती बांधत नाहीत, ओहोटीसाठी ढील ठेवून बांधतात. शेजारच्या गाडीत एक मास्तरीणबाई आहेत, त्या काल त्या दोरात अडकून पडता पडता वाचल्या. तुमची गाडी पळून जाते का हो, असं त्यांनी मला अगदी काळजीनं विचारलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही हसाल, पण मला हल्ली हसू येईनासं झालंय. ही गाडी मी मागितली नव्हती, ताई. मागच्या वर्षी धक्क्यावरून निघताना माझा पाय चुकला, मी सामानाच्या पिशवीसकट पाण्यात पडले, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की माझे गुडघे संपले. गुडघे दुखतात, नाही असं नाही. पण ते घराचा जिना चढतानाही दुखतात, म्हणून काही आपण घर सोडत नाही. एके दिवशी हेच ही गाडी दारात घेऊन आले आणि जाहीर केलं की आता होडी बंद, तुझ्या गुडघ्यांसाठी. मला विचारलं नाही, सांगितलं. आणि आता चेहरा असा करून बसतात, की होडी जणू मीच हिसकावून घेतली.

त्यात सुकाणू त्यांचंच. अठरा वर्षं लाँड्रीची व्हॅन गल्लीबोळांतून चालवलेली मी, पण गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. माझं काम होडीवर होतं तेच इथे. निघताना विजेची वायर काढायची, पाण्याची नळी काढायची, दोर सोडायचे आणि मागच्या दारानं चढायचं. होडीवर निदान त्यात मजा होती. मी धक्क्यावरचा दोर सोडून पाय टाकला की होडी माझ्या वजनानं जराशी दबायची, ते त्यांच्या तळपायांना कळायचं आणि ते निघायचे. इतक्या वर्षांत कधी मागे वळून बघितलं नाही, कधी हाक मारली नाही. मी जाड झाले की आधी त्यांच्या पायांना कळतं, असं चारचौघांत सांगून मला छळायचे. तो माणूस कुठे गेला?

आपलं ठरलंय ते तुमच्या लक्षात आहेच. हंगाम संपेपर्यंत यांचा रस्त्यावर जीव रमला तर होडी विकायची. नाही रमला तर ही गाडी विकून मी गुडघ्यांसकट पुन्हा होडीवर. लक्षणं बघता मी तयारीला लागलेय. गुडघेदुखी परवडली, पण हे तोंड नको.

तुमचा खांदा कसा आहे? शेकत जा. रागावलात तरी चालेल, फक्त माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

११ मे
गोदीजवळचं दुकान

चि. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की हातातली ताडपत्री तिरकी शिवली गेली. उसवायला दुपार गेली, ती तुझ्या खात्यावर लिहितेय.

अगं, बांधू दे त्याला दोर. लहानपणी न्हाणीतल्या घंगाळात कागदी होड्या सोडून तो आम्हाला अंघोळीची वाट बघायला लावायचा. त्याला एका उन्हाळ्यात रस्त्याची गोडी कशी लागेल? राग मानू नकोस, पण तुझे गुडघे धड असते तर ही वेळ आली नसती. मी तुला दोष देत नाही, दुखणं काय कुणी मागून घेतं? पण त्यानं तुझ्यासाठी केवढी गोष्ट सोडलीय, एवढं मनात ठेव आणि एका तांब्यात तोंड धू.

इकडे तुमची होडी विकत घ्यायला टपलेला बेकरीवाला माझं डोकं खातोय. दर रविवारी बायकोला घेऊन येतो, होडीवरची ताडपत्री मी शिवलेली आहे हे विसरून मलाच ती वर करून दाखवतो. नवरा-बायको दोघंही होडीच्या अंगावरून हात फिरवतात. मी आज-उद्या करत दिवस ढकलतेय. लवकर काय ते ठरवा, नाहीतर माणूस दुसरीकडे जाईल.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही निघालात त्याच्या आदल्या दिवशी तो एकटाच इथे आला होता. शिडी लावून दुकानामागे ठेवलेल्या होडीवर चढला, पायातलं काढलं आणि अनवाणी उभा राहिला. मध्येच पाय आपटत होता, पोरं हट्टानं आपटतात तसे. मी चहाला बोलावलं तर नको म्हणाला. म्हणून म्हणते, त्याला सांभाळून घे.

खांदा आहे तसाच आहे. तुझ्या रागातसुद्धा मला जागा असू दे.

तुझी,
ताई

१९ मे
टेकडीखालचा गाडीतळ, कचेरीबाहेरचं बाक

ती. ताईंस,
शि. सा. न.

कागद इथल्या कचेरीतला आहे, पेन इथल्या बाईंचं आहे, आणि अंगावर माझा झोपायचा गाऊन आहे. हातात पाण्याची नळी आहे. बाकी माझं जे काही आहे ते सगळं तुमच्या भावाबरोबर निघून गेलं.

होय, मला टाकून गेले. काय झालं ते नीट सांगते, कारण तुम्ही परत त्यांचीच बाजू घ्याल. इथली जमीन उतरती आहे, म्हणून मागच्या चाकांखाली लाकडी पाचरी लावल्या होत्या. सकाळी चहा झाला, हे पुढे जाऊन बसले. मी नेहमीप्रमाणे वायर काढली, आत ठेवली. दोर सोडले, आत टाकले. नळी गुंडाळत होते, तेवढ्यात चाक पाचरीवरून घसरलं आणि गाडी मागच्या बाजूला खचकन दबली. ती दबली आणि निघाली! मी चढले असं समजून! मी ओरडले, नळी हलवली, गाऊन सावरत फाटकापर्यंत धावले, आणि ते गुडघे, ज्यांच्यासाठी म्हणे हे सगळं चाललंय, ते कसे दुखतायत ते मलाच माहीत. गाडीला दोन्ही बाजूंना आरसे आहेत, ताई. या माणसाला आरशात बघायची सवय नाही.

फोन गाडीत, पैसे गाडीत. इथल्या बाईंनी यांचा नंबर विचारला, तर मला पाठ नाही. मी कधी लांब गेलेच नव्हते, तर पाठ कशाला करीन? मघापासून आजूबाजूच्या गाड्यांतले लोक येऊन बघून जातात. एकानं मला बिस्किटं दिली. तुम्ही लिहिलंत की त्यांना सांभाळून घे. मला कोण सांभाळून घेणार आहे? ज्या माणसाला मी गाडीत आहे की नाही हे कळत नाही, त्याच्याबरोबर रस्त्यानं काय आणि पाण्यानं काय, मला आता कुठेच जायचं नाही.

इथल्या बाई गाडीभाडं द्यायला तयार आहेत. हे आले तरी, न आले तरी मी तुमच्याकडे येतेय. मागच्या खोलीतला पलंग रिकामा करून ठेवा. आणि गुडघ्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, ही आधीच अट.

तुमची,
वहिनी

२२ मे

कप्तान,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, आधी उत्तर दे. वहिनीचं पत्र आलं, वहिनी आली नाही. पलंगावरचे ताडपत्रीचे गठ्ठे उचलताना खांद्याचं व्हायचं ते झालं, आणि पलंग रिकामाच आहे. तुझा फोन बंद, तिचा फोन बंद. आहात कुठे दोघं?

बायकोला उभ्या रस्त्यात सोडून जाणारा माझा भाऊ आहे, हे मला कुणाला सांगायचीही सोय नाही. आजवर मी तुझी बाजू घेतली. तिच्या गुडघ्यांवरून तिला टोमणे मारले, आता त्याची मला शरम वाटते. तू जे काही लपवतोयस ते लपवू नकोस. त्या दिवशी होडीवर पाय आपटत होतास ते हट्टानं नव्हे, एवढं मला उशिरा का होईना, कळलंय. लहानपणी हट्ट करताना तू रडायचास. त्या दिवशी तू घाबरलेला दिसत होतास.

बेकरीवाल्याला मी थोपवून धरलंय. होडीचं काय करायचं ते तिला विचारल्याशिवाय मला कळवू नकोस.

ताई

२६ मे
तोच गाडीतळ

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इथल्या बाईंनी आणून दिलं. यांनी वाचलं, माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसले. म्हणून उत्तर मीच लिहितेय. तुम्हाला इतके दिवस टांगणीला ठेवलं, माफ करा. पण घडलं ते लिहिण्याजोगं व्हायला वेळ लागला.

त्या दिवशी दुपारी हे परत आले. पुढे एका पेट्रोल पंपावर चष्मा मागायला मला हाक मारली, तेव्हा मी नाही हे कळलं. तोवर सगळा रस्ता माझ्याशी बोलत आले होते. मी उत्तर देत नाही म्हणजे रागावलेय, असं धरून चालले होते. त्यांना वाटलं की मी मागच्या दारातून पडले. मग गाडी हळूहळू आणत, थांबत, उतरून दोन्ही बाजूंच्या चरांत बघत आले. मागे गाड्यांची रांग लागली, लोक शिव्या देत होते. इथे फाटकातून आत आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. मी मनात काय काय बोलायचं ते घोळवून ठेवलं होतं, त्यातलं अर्धं बोलूनही झालं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. जमिनीवर रक्ताचे डाग पडत होते.

बूट काढला तर पाचरीचं एक मोठं लाकडी कुसळ तळव्यात रुतलेलं. पाचरी ठोकताना बुटात पडलेलं असणार. त्यावर चालून, चरांत उतरून, धावून पायाची चाळण झाली होती. मी विचारलं, दुखत नाही का? त्यांनी मलाच विचारलं, काय?

ताई, त्यांच्या पायांना काही कळत नाही. रक्तातल्या साखरेनं तळव्यांच्या शिरा बधिर झाल्यात, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, आणि हा माणूस मूग गिळून बसला. मागच्या वर्षी धक्क्यावर माझा पाय घसरलाच नव्हता. होडी दबली की नाही हे त्यांना कळलं नाही, आणि अंदाजानं त्यांनी होडी काढली. माझा एक पाय धक्क्यावर होता, एक हवेत. मी पाण्यात पडले, सगळे माझ्या गुडघ्यांना बोल लावायला लागले, आणि यांनी तो बोल लागू दिला. गाडीत बसून चालवायचं असतं, कुणी चढलं तर अंगाला कळतं, म्हणून ही गाडी घेतली. मला पुन्हा पाडायचं नव्हतं म्हणे. आणि तिथेही त्या पाचरीनं फसवलं. हे सांगताना रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

मला कणव आली, पण रागही तसाच आहे, हे तुम्हाला खरं सांगते. वर्षभर मी जिना उतरताना स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या दिल्या. तुम्हीही त्यात हातभार लावलात. तो हिशेब मी आल्यावर करीन. त्याहून राग याचा, की बधिर पायांनी ब्रेक दाबत मला इतकं भटकवलं. किल्ली मी त्याच दिवशी काढून घेतली. इथल्या डॉक्टरांनी पाय बांधलाय, रोज पट्टी बदलायला जातो. फोन चार्ज करायची शुद्ध कुणाला होती? पलंग रिकामा करताना माझ्यामुळे तुमच्या खांद्याला लागलं, त्याचं वाईट वाटतंय. शेक सोडू नका.

होडी बेकरीवाल्याला देऊन टाका. दोघांनी मिळून ठरवलंय, मला विचारून. हे म्हणाले की देताना त्याला एवढं सांगायचं, दोर सोडणाऱ्याकडे वळून बघत जा, पायांवर भरवसा ठेवू नकोस. सांगाल ना?

काल पहिल्यांदा मी गाडी बाहेर काढली. पाय बांधलेला म्हणून यांनी काठी टेकत टेकत वायर काढली, नळी काढली. मी पाचरी आधीच काढून घेतल्या होत्या. लाँड्रीची व्हॅन कितीही चालवली असली, तरी मी आधी ब्रेक दोनदा दाबून बघितला. दोन्ही आरशांत बघितलं, ते कुठेच दिसेनात. हाक मारणार, एवढ्यात माझ्याखालचं आसन जरासं दबलं. अगदी थोडं, पण दबलं. होडीवर मी चढायचे तेव्हा त्यांना जसं कळत असेल, तसंच.

तरी मी मागे वळून बघितलं. मग निघाले.

शनिवारी तुमच्या दारात पोचू. मागच्या खोलीत आता दोघांची जागा करा, आणि माया होती तेवढीच ठेवा, उणीदुणी मी येऊन काढीन.

तुमची,
वहिनी